मोडीत काढण्यापूर्वी

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा पाठ)



या दोन जिल्ह्यांतील माणसाला जुन्या वस्तूचे मोल समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतील गलाई व्यावसायिक आज देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले आहेत. सराफाने मोडीत घेतलेले सोने वितळवून, त्यातील हीण काढून ते शुद्ध करून देणे हा त्यांचा व्यवसाय. दागिना कितीही काळवंडलेला असो, त्यात सोने किती आहे हे पाहिल्यावाचून गलाईवाला तो बाजूला टाकीत नाही. आपल्या शाळांत आणि ग्रामपंचायतींत धूळ खात पडलेल्या संगणकांकडे याच दृष्टीने पाहावे, एवढेच आज मला आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

प्रश्नाचे स्वरूप

आपल्याकडे संगणक निरनिराळ्या वाटांनी आले. शाळांना केंद्र पुरस्कृत आयसीटी योजनेतून मिळाले. ग्रामपंचायतींना २०११ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पातून मिळाले. काही माजी विद्यार्थ्यांनी दिले, काही लोकवर्गणीतून आले. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे आज बंद आहेत किंवा चालू असूनही कामाची राहिलेली नाहीत. कारण विचारले, तर ‘जुना झाला’ असे एका शब्दात उत्तर मिळते.

परंतु संगणक जुना होतो म्हणजे नेमके काय होते? लोखंड गंजते, पट्टा झिजतो, तसे संगणकाच्या प्रोसेसरचे सहसा होत नाही. पुष्कळदा यंत्र तेच राहते आणि त्यावर चालणारी कार्यप्रणाली, म्हणजे आपण जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती, पुढे निघून जाते. विंडोज ७ ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्यापुढील विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते. शिवाय प्रोसेसरही ठरावीक पिढीनंतरचाच असावा लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचे यंत्र या चाळणीतून खाली पडते.

अशा वेळी दोन मार्ग सर्रास पत्करले जातात आणि ते दोन्ही चुकीचे आहेत. पहिला मार्ग म्हणजे सुधारणा थांबलेल्या प्रणालीवर तसेच काम चालू ठेवणे. गावाच्या घरपट्टीची मागणी, जन्ममृत्यूच्या नोंदी, विद्यार्थ्यांची माहिती हा सारा ऐवज ज्या घरात ठेवला आहे, त्या घराचे कुलूप मोडले असून ते दुरुस्त करणारा आता कोणी येणार नाही, असा याचा अर्थ होतो. दुसरा मार्ग म्हणजे यंत्र कोपऱ्यात ठेवून देणे आणि पुढे निर्लेखनाच्या यादीत घालणे. यात हानी होते ती मुलांची. एखाद्या शाळेत दहा संगणक असून दोनच चालत असतील, तर चाळीस मुलांच्या वर्गात कळफलकाला हात लागतो तो पुढे घुसणाऱ्या चौघांचा. मागे उभे राहणारे मूल, आणि त्यात बहुधा मुली अधिक असतात, संगणक केवळ पाहून घरी जाते.

हलकी कार्यप्रणाली

तिसरा मार्ग उपलब्ध आहे. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहिण्यास आरंभ केला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. त्यावर जगभरातील लोकांनी मिळून अनेक कार्यप्रणाली उभ्या केल्या. त्यांचा परवाना विनामूल्य असतो, त्या कितीही यंत्रांवर बसविता येतात आणि त्यांच्या सुरक्षा-सुधारणा नियमित येत राहतात. यांतील लुबुंटू, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, एमएक्स लिनक्स, अँटीएक्स यांसारख्या प्रणाली मुद्दाम हलक्या ठेवलेल्या आहेत. पडद्यावरची अनावश्यक सजावट त्यांत नसते, म्हणून थोड्या रॅमवरही यंत्र चालते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. कार्यप्रणाली हलकी झाली, तरी संकेतस्थळे हलकी झालेली नाहीत. आज यंत्रावर खरा भार पडतो तो ब्राउझरचा. यासाठी २ जीबी रॅम असलेल्या यंत्राकडून लेखन, हिशेब आणि एखाददुसरे पान उघडणे एवढीच अपेक्षा ठेवावी. ४ जीबी रॅम आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, तर तेच यंत्र कार्यालयीन कामास समाधानकारक ठरते. जुन्या यंत्रावर खर्च करावयाचा असल्यास पहिला रुपया एसएसडीवर खर्च करावा.

त्याहूनही जुनी, ३२-बिटची यंत्रे यांचे दिवस मात्र खरोखरच भरत आले आहेत. डेबियन ही या क्षेत्रातील एक पायाभूत प्रणाली. तिच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय काढून टाकण्यात आली. अशी यंत्रे टंकलेखनाच्या सरावासाठी इंटरनेटविना वापरावीत. त्यांवर अधिक आशा बांधू नये.

वारणेचा धडा

जुन्या यंत्रांचा विचार करताना आपल्या शेजारचा एक अनुभव ध्यानात घेण्यासारखा आहे. १९९८ साली वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात होती. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेची सहकारी चळवळ यांनी मिळून गावोगाव संगणक केंद्रे उघडली. त्या काळी देशभर या प्रयोगाची चर्चा झाली.

काही वर्षांनी संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा असे आढळले की ही केंद्रे मुख्यतः ऊस उत्पादक आणि साखर कारखाना यांच्यातील देवाणघेवाणीसाठी वापरली जात होती. उसाचे वजन किती भरले, खताची उचल किती झाली, ही माहिती शेतकऱ्याला हवी होती. त्यासाठी जुनी होत चाललेली यंत्रे सांभाळणे आणि दूरध्वनीच्या तारेवरून जोडणी टिकविणे महाग पडत होते. मग ७ गावांत साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाद्वारे हेच काम करून पाहिले गेले आणि ते स्वस्तात व समाधानकारक झाले.

या अनुभवावरून संगणक निरुपयोगी होते असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा होईल. काम काय आहे हे आधी ठरवावे आणि मग साधन निवडावे, हा त्यातील खरा धडा आहे. जे काम मोबाइलवर होते, त्यासाठी जुना संगणक जिवंत ठेवण्याचा अट्टहास नको. मात्र मुलाला टंकलेखन शिकावयाचे आहे, शिक्षकाला प्रश्नपत्रिका तयार करावयाची आहे, ग्रामसभेचे इतिवृत्त लिहावयाचे आहे, जमाखर्चाचा तक्ता मांडावयाचा आहे. या कामांना मोठा पडदा आणि कळफलक लागतो. जुन्या यंत्राची जागा तेथे आहे.

आधार कोठे मिळेल

या मार्गाने जाणारे आपण पहिले नाही. केरळ राज्याने २००१ च्या सुमारास ‘आयटी@स्कूल’ हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी व अनुदानित शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर आणले. तेथील लक्षावधी विद्यार्थी आजवर तिच्यावर शिकले. तेथे शिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन शाळाशाळांत जाणकार तयार करण्यात आले, म्हणून तो प्रयोग टिकला. केंद्र शासनाच्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्त स्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराबाबत धोरणही जाहीर केले. अर्थात, हा विषय शासकीय चौकटीबाहेरचा आहे ही समजूत निराधार आहे.

जिल्ह्यातही मनुष्यबळ आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट असून तो या विषयावर कार्यशाळा घेत असतो. कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तालुक्याच्या गावी तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. अशा संस्थांतील विद्यार्थ्यांना सुटीच्या दिवशी आपल्या शाळेत बोलवावे. त्यांना अनुभव मिळेल, आपले काम होईल. कमवा आणि शिका हा विचार कर्मवीर भाऊराव पाटील यांनी याच मातीत रुजविला. तो अंगी बाणलेल्या जिल्ह्याला ही कल्पना नवी वाटू नये.

प्रत्यक्ष कृती

आता कामाचा क्रम सांगतो.

पहिली गोष्ट, यंत्रांची मोजदाद. डेडस्टॉक नोंदवही समोर ठेवून प्रत्येक यंत्राची रॅम, प्रोसेसर आणि डिस्कची क्षमता लिहून काढावी. त्यावरून तीन गट पाडावेत : जसेच्या तसे चालणारे, सुटा भाग बदलून चालणारे आणि केवळ भाग काढून घेण्याजोगे. तीन बंद यंत्रांतून पुष्कळदा दोन चालू यंत्रे निघतात. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात जी यंत्रे पाण्याखाली गेली होती, त्यांना परीक्षेसाठीही वीज जोडू नये.

दुसरी गोष्ट, स्वच्छता. पंख्यात साचलेली धूळ काढल्याने तापून बंद पडणारी यंत्रे सुधारतात. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक छोटी बॅटरी असते. ती संपली की यंत्राची तारीख मागे जाते आणि मग सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार देतात. इंटरनेट बिघडले असे समजून यंत्र बाजूला ठेवले जाते, आणि दोष असतो तो किरकोळ किमतीच्या एका बॅटरीचा.

तिसरी गोष्ट, माहितीची प्रत. जुनी प्रणाली पुसण्यापूर्वी यंत्रातील सर्व फाइली दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात आणि त्या उघडतात की नाही हे दुसऱ्या यंत्रावर तपासावे. लेखापरीक्षणास लागणारी कागदपत्रे एकदा पुसली गेली, तर ती परत येत नाहीत. यंत्र योजनेतून मिळालेले असल्यास वरिष्ठ कार्यालयाची लेखी संमती घ्यावी.

चौथी गोष्ट, चाचणी. यांतील बहुतेक प्रणाली पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतात. पडदा, आवाज, इंटरनेट, प्रिंटर आणि स्कॅनर हे सारे नीट चालते असे दिसल्यावरच ती कायमची बसवावी.

पाचवी गोष्ट, एकसारखेपणा. तालुक्यातील सर्व यंत्रांवर शक्यतो एकच प्रणाली ठेवावी. प्रत्येक शाळेने वेगळी निवडली, तर एका शाळेतील जाणकार दुसऱ्या शाळेच्या उपयोगी पडत नाही.

मराठी लेखनाचा प्रश्न

कार्यालयांतून सर्वांत आधी विचारले जाते ते मराठीविषयी. लिनक्समध्ये युनिकोड मराठी आणि इन्स्क्रिप्ट कळफलक यांची सोय असते. लिब्रेऑफिस या आज्ञावलीत पत्रे, तक्ते आणि सादरीकरणे तयार करता येतात. अडचण आहे ती जुन्या फाइलींची. श्रीलिपी किंवा आकृती यांसारख्या पूर्वीच्या पद्धतींत टंकलिखित केलेला मजकूर तो विशिष्ट फाँट नसेल तर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे लागते आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात. हे कष्टाचे काम आहे. परंतु प्रणाली कोणतीही ठेवली, तरी ते आज ना उद्या करावेच लागणार आहे. नाहीतर गावाचे वीस वर्षांचे दप्तर उद्या कोणालाच वाचता येणार नाही.

मर्यादा ओळखाव्यात

ई-ग्रामस्वराज, यूडायस प्लस यांसारखी बरीचशी कामे आता ब्राउझरमधून होतात, ही अनुकूल गोष्ट आहे. तथापि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, अंगठ्याचा ठसा घेणारी उपकरणे आणि काही प्रिंटर यांच्या आज्ञावली मुख्यतः विंडोजसाठी लिहिलेल्या असतात. म्हणून देयके अदा करण्याचा संगणक बदलण्याची घाई करू नये. कार्यालयात असे एक अद्ययावत यंत्र राखून ठेवावे आणि बाकीची यंत्रे हलक्या प्रणालीवर आणावीत. नव्या खरेदीची गरज संपली असे मी म्हणत नाही. पाच यंत्रांच्या जागी एक घेऊन भागत असेल, तर चार यंत्रांचा पैसा अन्य कामी लावता येतो.

जे यंत्र खरोखर संपले आहे, ते भंगारवाल्याला देऊ नये. जुन्या पडद्यांत शिसे असते आणि विद्युत मंडळे उघड्यावर जाळल्याने विषारी धूर होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. तत्पूर्वी त्यातील डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्णपणे पुसावी.

शेवटी

बंधुभगिनींनो, संगणक चालू करणे हे या कामाचे अर्धे अंग आहे. तो चालू ठेवणारा माणूस कोण, हे ठरविणे हे उरलेले अर्धे. आपल्याकडे यंत्र एका उत्साही शिक्षकाच्या आधारावर चालते आणि त्याची बदली झाली की खोलीला कुलूप लागते. यास्तव माझी सूचना अशी की, प्रत्येक शाळेत एक शिक्षक आणि वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी, त्यांत एक मुलगी, यांना हे काम शिकवावे. कोणत्या यंत्रावर काय बसविले, कधी बदलले, याची एक वही यंत्राशेजारीच ठेवावी. बदलून येणाऱ्या शिक्षकाला कार्यभारासोबत ती वहीही द्यावी.

निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करण्याचा अधिकार आपल्यापैकी अनेकांना आहे. येथून गेल्यावर असा प्रस्ताव समोर आला, तर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे यंत्र कोणी उघडून पाहिले आहे काय? त्याचे उत्तर मिळाल्यावर आपण जो निर्णय घ्याल, तो योग्यच असेल, असा मला विश्वास वाटतो.