नाकाची साक्ष

सकाळीं उठल्याबरोबर दहावीस शिंका, नाकांतून पाणी, डोळ्यांना खाज. पण त्वचेची चांचणी व रक्ततपासणी मात्र निर्दोष! अशा रोग्यास ‘हे तुझ्या मनाचे खेळ’ म्हणून घरचीं माणसें मोकळीं होतात. हा अन्याय आहे. ॲलर्जी घडविणारें ‘आयजीई’ नांवाचें प्रतिद्रव्य कांहीं जणांच्या केवळ नाकाच्या अस्तरांतच तयार होतें. हगिन्स व ब्रॉस्टॉफ यांनीं १९७५ सालीं ही गोष्ट पुढें मांडली. स्पेनमध्यें मालागा येथें कार्मेन रोंडॉन यांनीं तिचा पुढें कसून अभ्यास केला. येथें निवाडा नाकानेंच द्यावयाचा: घरांतील धुळीच्या सूक्ष्म किड्यांचा किंवा परागांचा अर्क नाकपुडींत सोडून श्वास किती अडतो, हें डॉक्टर मोजतात. ही सोय फार थोड्या ठिकाणीं आहे, ही अडचण खरीच.

तत्पूर्वीं एक साधी चौकशी करावी. शिंकांवरील गोळी चालू असतांना त्वचेची चांचणी झाली असल्यास तिचा नकार फसवा असूं शकतो. गोळी सुमारें आठवडाभर आधीं, अर्थात् डॉक्टरांना विचारून, थांबवावी लागते. शिवाय चांचणीच्या यादींत जो पदार्थच नव्हता, त्याविषयीं ती काय बोलणार? उलटपक्षीं, केवळ उदबत्तीच्या धुरानें वा गार वाऱ्यानें नाक वाहत असेल, तर ती ॲलर्जी नसूंही शकेल. त्याचे उपचार निराळे.