राजाने थकवलेलं घरभाडं

कल्पना करा, रात्री दार वाजतंय. बाहेर चार सैनिक उभे. एकाच्या हातात चिठ्ठी: यांना घरी ठेवून घ्या, जेवू घाला, पैसे सरकार देईल. या चिठ्ठीला इंग्लंडमध्ये 'बिलेट' म्हणायचे. आजचा एपिसोड त्या पैशांचा.

साल १६२५. पहिला चार्ल्स नुकताच गादीवर आलाय आणि स्पेनशी युद्ध सुरू आहे. काडिझ बंदरावर पाठवलेलं आरमार हात हलवत परत येतं. प्लिमथला उतरलेले सैनिक उपाशी, आजारी, अंगावर धड कपडे नाहीत. त्यांना ठेवायला बराकी नाहीत. मग त्यांना गावकऱ्यांच्या घरी पाठवतात. दोन वर्षांनी फ्रान्सच्या रे बेटावरची मोहीमही फसते आणि पुन्हा तेच.

आता गंमत बघा. पैसे द्यायचे ठरलेत, पण तिजोरीत खडखडाट! पार्लमेंट हवा तेवढा पैसा मंजूर करत नाही. ब्रेड, मांस, बिअर, सरपण, सगळं घरमालक आपल्या खिशातून आणतो आणि भरपाईची वाट बघत बसतो. वाइट बेटावर एक स्कॉटिश रेजिमेंट जवळपास वर्षभर राहिली. तिथले जमीनदार सर जॉन ओग्लँडर यांनी या त्रासाबद्दल आणि थकलेल्या पैशांबद्दल लिहून ठेवलंय. मला विचाराल तर तो घरमालक भाडं घेतच नव्हता, तो राजाला उधार देत होता. तेही न विचारता!

त्यात आणखी एक. राजाने लोकांकडून सक्तीचं कर्ज काढलं. ज्यांनी नकार दिला, त्यांच्यावर धाक बसवायला त्यांच्या घरी मुद्दाम सैनिक पाठवल्याच्या तक्रारी झाल्या. म्हणजे पाहुणा हीच शिक्षा.

शेवटी १६२८ मध्ये पार्लमेंटने राजापुढे 'पिटिशन ऑफ राइट' ठेवलं. त्यात चार मोठ्या तक्रारी होत्या: पार्लमेंटला न विचारता पैसे उकळणं, कारण न सांगता तुरुंगात टाकणं, सामान्य लोकांवर लष्करी कायदा लावणं आणि हे घरात घुसवलेले सैनिक. राजाला मान्य करावं लागलं. पुढे १७९१ मध्ये अमेरिकेने तर घटनेतच दुरुस्ती केली: शांततेच्या काळात मालकाच्या संमतीशिवाय घरात सैनिक नाही, आणि युद्धातही कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीनेच.

१९१४ मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा घराघरांत सैनिक आले. पण तेव्हा दर ठरलेले होते. समुद्रकाठच्या गावांत हिवाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या खोल्यांना गिऱ्हाईक मिळालं, म्हणून काही घरमालकिणी खूशही होत्या.

मला यातून एवढंच कळलं. सरकार 'पैसे देऊ' म्हणालं, की दोन प्रश्न विचारायचे: कधी देणार? आणि मी नाही म्हटलं तर चालेल का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्याचं उत्तर लेखी घ्या.