नोंदवही हीच रुग्णाची वाचा



शाळेचा हजेरीपट भरणे हे ज्यांचे रोजचे काम, त्या आम्ही शिक्षकांनी शुश्रूषागृहातील नोंदींविषयी बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु दोन्ही कामांचा धर्म एकच आहे : जे घडले तेच लिहावे आणि घडले तेव्हाच लिहावे.

१८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, तेव्हा तेथे मृत्यूंच्या तीन निरनिराळ्या नोंदी होत्या व तिन्हींचे आकडे जुळत नव्हते. मेले किती हेच जेथे ठाऊक नाही, तेथे कशाने मेले हे कोण सांगणार ? पुढे सर्व इस्पितळांसाठी नोंदींचा एकच नमुना असावा, असा बाईंनी आग्रह धरला.

शुश्रूषागृहात पुष्कळदा अर्धांगाचे, विस्मृतीचे वृद्ध रुग्ण असतात. रात्रीची गोळी मिळाली की नाही, हे त्यांना सांगता येत नाही. नोंद नसेल तर सकाळची परिचारिका ती गोळी पुन्हा देईल, अथवा मुळीच देणार नाही. अंथरुणास खिळलेल्यास साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. पाळी संपताना एका बैठकीत भरलेल्या तक्त्यात सगळ्या कुशी बदललेल्या दिसतात. पाठीवर मात्र व्रण उमटतो. कागद खोटे बोलेल, कातडी बोलत नाही.

अक्षराचेही तसेच. इन्शुलिनच्या आकड्यापुढे युनिट हा शब्द पुरा लिहावा. नुसते इंग्रजी यू घाईत शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात. अर्धा मिलिग्रॅम ०.५ असाच लिहावा; शून्य गाळले तर बिंदू नजरेतून निसटतो व ५ वाचले जातात. लिहिताना चुकल्यास एकच रेघ मारावी, खालचे वाचता यावे, बाजूस सही व वेळ घालावी. पुसणे पाटीवर शोभते, येथे नाही.

आपलीही कर्तव्ये आहेत. रुग्णास दाखल करताना चालू औषधांची यादी आणि कोणते औषध सोसत नाही, हे लिहून द्यावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे; रुग्णाने मागितल्यास ती ७२ तासांत दिली पाहिजेत. असे मागणे म्हणजे अविश्वास नव्हे.

आपल्या ट्रस्टने पै न् पैचा हिशेब चोख ठेवला, म्हणूनच हा महोत्सवाचा दिवस दिसला. तोच चोखपणा आजारी माणसाच्या हिशेबातही असावा, एवढीच आमची विनंती.