जहाजाचा शेवटचा दिवस आणि जेद्दा शहर

(शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात एका सहशिक्षकाने केलेले भाषण)



आपले नेकनूर समुद्रापासून फार दूर. येथील पुष्कळ मुलांनी समुद्र केवळ भूगोलाच्या पुस्तकात पाहिला आहे. तरीही याच गावातील आणि आसपासच्या खेड्यांतील कित्येक माणसांनी अरबी समुद्र ओलांडला होता. ते व्यापारी नव्हते, खलाशीही नव्हते. ते शेतकरी, विणकर, कारागीर होते आणि हजला निघाले होते. त्या काळी बीडला रेल्वे नव्हती. मोटारीने रेल्वे स्टेशन गाठायचे, तेथून मुंबई, मुंबईच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, आणि मग जहाज, असा तो प्रवास होता. मुघल लाइन कंपनीच्या 'इस्लामी', 'मोहम्मदी', 'मुजफ्फरी', 'अकबर', 'नूरजहाँ' या जहाजांची नावे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. १९९५ नंतर हा समुद्रमार्ग बंद झाला आणि सारे हाजी विमानाने जाऊ लागले.

आज मी त्या प्रवासाच्या फक्त शेवटच्या टप्प्याविषयी बोलणार आहे. जहाज एडनच्या पुढे बाबुल मंदब सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरे. पूर्वी तेथे कामरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून विलगीकरणात ठेवीत. पटकीची साथ मक्केपर्यंत पोहोचू नये म्हणून तुर्की सरकारने १८८२ मध्ये ते केंद्र उघडले होते. तेथून सुटका झाली की जहाज उत्तरेकडे जाई आणि यलमलम डोंगराच्या समोर येई. हिंदुस्थानातून समुद्रमार्गे जाणाऱ्यांची ही मीकात, म्हणजे एहराम बांधण्याची हद्द. जहाजाचा भोंगा वाजे. त्याआधीच आंघोळी उरकून पुरुषांनी दोन बिनशिवलेल्या चादरी अंगावर घेतलेल्या असत. काल ज्याच्या अंगावर शेरवानी होती आणि ज्याच्या अंगावर ठिगळाचा सदरा होता, ते दोघे आज ओळखू येत नसत. सारे जहाज 'लब्बैक'च्या आवाजाने भरून जाई.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आमच्या गल्लीतील एका वृद्ध हाजीसाहेबांना मी विचारले होते, त्या शेवटच्या दिवशी जहाजावर सर्वांत जास्त मान कोणाला होता? मला वाटले, ते एखाद्या मौलवीसाहेबांचे किंवा कप्तानाचे नाव घेतील. ते म्हणाले, ज्याला लिहिता-वाचता येत होते त्याला! कारण दुसऱ्या दिवशी उतरायचे होते. हजचा पास, लस टोचल्याचे कार्ड, मुअल्लिमचे नाव, सामानावरची चिठ्ठी, सगळे कागदच. ज्यांना अक्षरओळख नव्हती ते आपली पिशवी हातात धरून शिकलेल्या मुलापुढे रांगेत बसत. वयाने आजोबा, पण हात जोडून म्हणत, बेटा, यावर काय लिहिले आहे ते सांग. एहरामने कपड्यांचा भेद मिटविला होता. अक्षराचा भेद मात्र त्या दिवशीही मिटला नव्हता.

सकाळी जेद्दा दिसे. या बंदराची कथा फार जुनी आहे. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी हिजरी २६ मध्ये, म्हणजे इ. स. ६४७ च्या सुमारास, जेद्दाला मक्केचे बंदर ठरविले. किनाऱ्यालगत पाण्याखाली प्रवाळाचे खडक असल्याने पूर्वी मोठी जहाजे दूरच नांगर टाकीत आणि हाजी लहान होड्यांतून किनाऱ्यावर येत. पुढे धक्के बांधले गेले, तेव्हा हा त्रास संपला. धक्क्यावर मुअल्लिमचा वकील नाव पुकारी आणि मंडळी बहुधा लगेच मक्केच्या वाटेला लागत. शहर पाहणे होई ते परतताना, जहाजाची वाट बघत असता.

त्या शहरात पाहण्यासारखे पुष्कळ होते आणि आजही आहे. जुन्या भागाला अल-बलद म्हणतात. आपल्याकडे माळवदाची घरे मातीची, तर तेथील चार-पाच मजली घरे समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडांची. त्यांच्या दर्शनी भागावर नक्षीदार लाकडी सज्जे असतात, त्यांना 'रोशन' म्हणतात. वारा आत यावा आणि घरातल्या स्त्रियांना रस्ता दिसावा, अशी ती सोय. त्यांना लागणारे सागवान हिंदुस्थानातूनही जात असे. सूक अल-अलवी बाजारातून चालत गेले की नसीफ यांचा वाडा लागतो. तो १८७२ ते १८८१ या काळात बांधला. त्याच्या दाराशी एक झाड आहे. एके काळी जुन्या जेद्दात तेवढेच एक झाड होते, म्हणून लोक त्या वाड्याला 'झाडाचे घर' म्हणत. ते झाड कोणते ठाऊक आहे? कडुनिंब, म्हणजे आपला लिंब! आपल्या दारातला लिंब तेथे पाहून मराठवाड्याच्या माणसाला काय वाटले असेल, याचा विचार करा. २०१४ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

दुसरी गोष्ट पाण्याची. जेद्दाला नदी नाही आणि पाऊस नावापुरता. पूर्वी लोक टाक्यांत पाणी साठवीत व विकत घेत. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे खारे पाणी उकळून गोडे करणारे यंत्र बसले. इंग्रजी 'कंडेन्सर' शब्दावरून लोकांनी त्याला 'कंदासा' असे नाव दिले. १९४७ मध्ये वादी फातिमातून नळाने पाणी आले आणि पुढे समुद्राचे पाणी गोडे करणारे मोठे कारखाने उभे राहिले. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. तेथे पाणी दुआने आले आणि विद्येनेही आले.

मित्रहो, हे सर्व आपल्या हाजींनी डोळ्यांनी पाहिले. पण किती जणांनी लिहून ठेवले? ते आले तेव्हा जमजम, खजूर आणि तसबी घरोघर वाटल्या गेल्या. प्रवासाची हकिकत मात्र ओट्यावर सांगितली गेली आणि ओट्यावरच राहिली. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या. त्या भारतात चालत नसत. एखाद्या ट्रंकेत अशी नोट किंवा जुना पास अजूनही पडून असेल. रद्दीत गेला तर तो पुन्हा मिळणार नाही.

शेवटच्या जहाजाला आता तीस वर्षे होऊन गेली. त्या डेकवर उभी राहिलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. येत्या सुटीत एक वही घ्या. जहाजाने गेलेल्या आजोबांपाशी बसा, आणि आजीला विसरू नका, कारण तिला आजवर कोणी विचारलेच नाही. कोणते जहाज, किती दिवस, काय खाल्ले, कोण आजारी पडले, जेद्दात काय पाहिले, हे त्यांच्याच शब्दांत उतरवा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा.

पालकांना एवढेच सांगतो, की मुलाला आणि मुलीलाही शाळेतून मधेच काढू नका. ज्या पिढीला स्वतःचा पास वाचता आला नाही, तिची कहाणी तिच्या नातवंडांनी लिहिली, तर त्या पिढीचे ऋण थोडेतरी फिटेल.