गोळी त्यांची, आठवण आपली



सोलापूरच्या साखर पेठेतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. घर माझ्या कल्पनेतलं आहे, पण प्रसंग अनेकांना ओळखीचा वाटेल. रात्रीची जेवणं उरकलीत. उभा जन्म मागावर घालवलेले आप्पा पलंगावर बसलेत. सून विचारते, "आप्पा, गोळी घेतली का?" आप्पा म्हणतात, "कुठं गं? दिलीच नाहीस तू." ती गोळी देते. तासाभराने मुलगा पाळी संपवून येतो. तोही विचारतो, त्यालाही तेच उत्तर मिळतं आणि दुसरी गोळी पोटात जाते. आप्पा खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच आठवत नाही. गोळी चालू आहे तीही त्याचसाठी.

हा आजार म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली तो प्रथम मांडला. आपण मात्र अजूनही 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी नेतो. आजार पुरता बरा करणारं औषध आज नाही. पण डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन या औषधांनी काही रुग्णांची लक्षणं काही काळ सावरतात.

डोनेपेझिल काय करतं? मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. असेटिलकोलीन नावाचं रसायन त्यातले काही निरोप पोचवतं. मागावर धोटा या काठावरून त्या काठाला जातो, तसंच हे. या आजारात ते कमी पडतं, आणि उरलेलं लवकर मोडू नये याची काळजी हे औषध घेतं. पण हेच रसायन पोटातही काम करतं आणि हृदयाचे ठोकेही मंद करतं. म्हणून सुरुवातीला मळमळ, जुलाब, भूक मंदावणं असे त्रास होऊ शकतात. क्वचित नाडी फार मंद होऊन माणूस चक्कर येऊन पडतो. यासाठीच डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि चार ते सहा आठवड्यांनी गरज पाहून मात्रा वाढवतात. "गुण दिसेना, दोन देऊ या" हा विचार घातक आहे.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. त्यात जुलाब लागले तर म्हातारं शरीर लवकर कोरडं पडतं. जुलाब थांबत नसतील, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा किंवा थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा.

रिव्हास्टिग्मिनची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत घ्यायची असते. त्याची चोवीस तासांची पट्टीही मिळते. नवी पट्टी लावण्याआधी जुनी काढलीच पाहिजे. दोन पट्ट्या अंगावर राहिल्या की औषध दुप्पट होतं. रोज जागा बदला, आणि पट्टीच्या जागेवर ऊन किंवा शेक लागू देऊ नका. हे औषध तीन दिवसांहून अधिक चुकलं, तर पूर्वीच्याच मात्रेने पुन्हा सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. मेमँटिन सुरू असेल तर मूत्रपिंडाचा आजार डॉक्टरांपासून लपवू नका.

आता घरातल्या इतर गोळ्या. सर्दी-खोकल्याच्या आणि खाजेच्या काही गोळ्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या नेमक्या असेटिलकोलीनलाच अडवतात. एकाने धोटा फेकायचा आणि दुसऱ्याने धागा तोडायचा, असा तो प्रकार. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी आणखी मंद करतात. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी पोटात व्रण होण्याचा धोका वाढतो. म्हणून मेडिकलमधून परस्पर काही आणू नका. घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटं, अगदी काढ्याची बाटलीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. दमा, अल्सर, हृदयाचा त्रास असेल तर तो सांगा. कुठलंही ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना अल्झायमरच्या गोळीची कल्पना द्या.

आणि घरची व्यवस्था? ती अगदी साधी आहे. गोळी देणारा हात एकच ठरवा. वारांचे खण असलेली डबी आणा आणि रविवारी भरून ठेवा. गोळी समोर गिळली की कॅलेंडरवर त्या तारखेवर खूण करा. मग आप्पा काहीही म्हणोत, विचारायचं कॅलेंडरला. डबी मात्र त्यांच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नका. एखादी गोळी राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन देऊन भरपाई करू नका. आणि "आता काय उपयोग" म्हणून औषध मनाने बंदही करू नका. ते थांबवायचं की नाही, हे डॉक्टरांसोबत बसून ठरवायचं.

श्रोतेहो, आपल्या शाळेची फी, लसीची तारीख, परीक्षेची वेळ कधीकाळी याच माणसांनी लक्षात ठेवली होती. आज त्यांची एक गोळी आपण लक्षात ठेवू या. रात्री निजण्याआधी कॅलेंडरवरची खूण तेवढी पाहून घ्या.