‘उद्या नक्की लिहिते’



‘अवघड काम आणि टाळाटाळ’ या विषयावर मीच का, असं आयोजकांना विचारलं. ते म्हणाले, “तुमचा अनुभव दांडगा आहे.” आहे खरा!

गेल्या वर्षी आम्ही टाकलेल्या, तलाक झालेल्या २३ बायकांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या. त्या कागदावर उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं. पाच महिने मी हात लावला नाही. रिकामी बसले होते असं नाही. शिबिराची पत्रकं काढली, जुन्या फाइली लावल्या, कपाट दोनदा आवरलं. इतकी कामसू मी कधीच नव्हते.

सिरॉइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ च्या लेखात म्हटलंय की, टाळाटाळीचं मूळ वेळेच्या नियोजनात कमी आणि मनःस्थिती सांभाळण्यात जास्त असतं. आपण काम टाळतो ते त्यातून येणारा त्रास टाळायला. मला हे पटलं. हेडफोन लावला की त्या बायकांचं रडणं थेट कानात यायचं. मधेच त्या गप्प व्हायच्या, ते तर आणखी वाईट.

मग एकीचा फोन आला. “आपा, पोटगीच्या केसची तारीख लागलीय. वकीलबाई म्हणतात, कधी काय झालं ते नीट लिहून आणा. मला आता सालं आठवत नाहीत. तुम्हाला सगळं सांगितलं होतं ना?”

काय उत्तर देणार? त्या रात्री बसले. तासाभराच्या बोलण्याला मला चार-पाच तास लागतात. तिचा कागद तारखेच्या आदल्या संध्याकाळी पोहोचला. वकीलबाईंना वाचायला एकच रात्र मिळाली. हे माझ्यामुळे झालं, आणि ती मात्र मला ‘शुक्रिया’ म्हणाली.

अपराधी वाटण्यावर काम दोन दिवस चालतं, नंतर तेही नकोसं होतं. पीटर गोलविट्झर यांची एक साधी युक्ती आहे: ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधीच ठरवून ठेवायचं. माझं ठरलं, रात्रीची भांडी झाली की तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडायचा. फक्त दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग, जास्त नाही. वाक्य अर्धं ठेवून उठायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही. आणि एकटीनं बसायचं नाही. आमची एक कार्यकर्ती तिकडे तिचा अहवाल लिहिते, मी इकडे. फोन सुरू, बोलणं बंद. कधी मी रडले तर ती फक्त विचारते, “पाणी प्यायलीस का?”

१९ झाल्या, चार राहिल्या. त्यातली एक मी तीनदा उघडून बंद केलीय. आज भाषणामुळे सुट्टी घेणार होते, पण तिनं आत्ताच मेसेज केलाय: नऊ वाजता फोन करते.