बदललेला गुडघा सुजला तर? गोळी नंतर, आधी पाणी तपासा!

ज्यांच्या घरी कुणाचा गुडघा किंवा खुबा बदललाय, त्यांनी आजचा भाग शेवटपर्यंत ऐका. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण आत्याचा बदललेला गुडघा दोन वर्षांनी सुजला, तेव्हा तिच्या सर्जनांना विचारून विचारून हे समजून घेतलं.

कृत्रिम सांध्यात इन्फेक्शन शंभरात साधारण एक-दोघांनाच होतं. पण झालं की चिवट असतं. जंतू धातूला आणि प्लास्टिकला चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर बनवतात. याला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आत अँटिबायोटिकचं फारसं चालत नाही.

आत्याला सुरुवातीला दोनदा पाच-पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. सूज उतरली, सगळे खूश. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट केला! बग तिथेच, पुरावा गायब. कारण गोळ्या चालू असताना सांध्यातलं पाणी तपासलं, तर कल्चरमध्ये जंतू अनेकदा उगवत नाही. मग कोणतं औषध द्यायचं, हेच कळत नाही.

म्हणून तब्येत स्थिर असेल, तर डॉक्टर बहुतेक वेळा अँटिबायोटिक दोन आठवडे थांबवून मग सुईने पाणी काढतात. त्यात पांढऱ्या पेशी मोजतात आणि कल्चर लावतात. काही जंतू इतके सावकाश वाढतात, की कल्चर 14 दिवस ठेवावं लागतं. सोबत रक्तातलं सीआरपी बघतात. एकाच रिपोर्टवर निकाल लागत नाही.

त्रास सुरू होऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील आणि सांधा घट्ट बसलेला असेल, तर आतून धुऊन, फक्त प्लास्टिकचा भाग बदलून भागू शकतं. उशीर झाला, तर बहुधा अख्खा सांधा काढावा लागतो. आत्याचं तसंच झालं. आधी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता स्पेसर, काही आठवडे औषधं, मग नवा सांधा. म्हणजे दोन मोठी ऑपरेशन्स. आता ती काठी घेऊन भाजीला जाते.

तेव्हा सूज, लाली, जखमेतून पाणी किंवा नव्याने दुखणं दिसलं, तर त्याच आठवड्यात सर्जनकडे जा. थंडी वाजून ताप असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा, तिथे थांबायचं नसतं. आणि कुणी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या, तर नम्रपणे एवढंच विचारा: "डॉक्टर, आधी पाणी तपासायचं का?"

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटूया!